मैदानाबाहेरचा पेले

२०२२ च्या डिसेंबरनं कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्यांना चैन पडू दिली नाही. ९ तारखेला क्रोएशियानं ब्राझीलला पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढलं, तेव्हा शहरातल्या पिवळ्या जर्सीवाल्यांची तोंडं उतरली. १८ तारखेला अर्जेंटिनानं फ्रान्सला तशाच शूटआउटमध्ये हरवून विश्वचषक घेतला आणि आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांची पोरं फटाके घेऊन रस्त्यावर आली. पिवळ्यांनी त्या रात्री दारं लावून घेतली असतील तर त्यांना कोण नावं ठेवणार? मग अकरा दिवसांनी, २९ डिसेंबरला, साओ पावलोच्या अल्बर्ट आइन्स्टाइन रुग्णालयात दुपारी ३ वाजून २७ मिनिटांनी पेलेनं प्राण सोडला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजायला तीन मिनिटं कमी होती. तो ८२ वर्षांचा होता आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी वर्षभराहून जास्त झगडत होता, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या स्टेटसवर त्याचा फोटो लावताना अकरा दिवसांपूर्वीचे दोन्ही पक्ष एक झाले. आमच्याकडे हे सहजी घडत नाही.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला इथल्या फुटबॉलची गंमत थोडी समजावून सांगावी लागते. इथं संघ तालमींचे असतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावं ऐकून परगावचा माणूस कुस्तीचा फड समजेल, आणि त्याचं फारसं चुकणारही नाही. लाल मातीतली ईर्षा तशीच्या तशी शाहू स्टेडियमच्या गवतावर उतरली आहे. माणूस ज्या पेठेत जन्मला त्या पेठेचा संघ त्याला जन्मासोबत मिळतो. विश्वचषकाच्या काळात मात्र प्रत्येकाला आणखी एक संघ लागतो, आणि तो निवडण्याची मुभा असते. तिथं शहर ब्राझील आणि अर्जेंटिना असं उभं चिरलं जातं. चौकाचौकांत झेंडे, खेळाडूंचे उंचच उंच कटआउट, आणि चहाच्या गाड्यावर महिनाभर एकच विषय.

शहराच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यावरचं कळंबा हे या गदारोळाच्या जरा कडेला पडतं. संस्थानकाळात बांधलेला तलाव आणि मध्यवर्ती कारागृह ही या गावाची दोन मोठी ओळखचिन्हं. बाहेरच्या माणसाला यातलं दुसरंच आधी आठवतं. पेठांमधल्या जुन्या घरांतून वाढलेलं कुटुंब कळंब्याकडं राहायला आलं तरी तालीम बदलत नाही. सामन्याला माणूस शाहू स्टेडियमवर जातो आणि वाद घालायला तलावाच्या बांधावर परत येतो. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात पेलेचं नाव निघालं की साठी-सत्तरीतला एखादा तरी छाती पुढं काढून म्हणतोच की पेले आम्ही बघितलाय.

काय बघितलंय त्यांनी? पेले अधिकृत सामन्यांतून निवृत्त झाला तो १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये. कोल्हापुरात घरोघरी टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात. १९५८ साली स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या पोरानं सहा गोल मारून ब्राझीलला पहिला विश्वचषक मिळवून दिला, त्यातले दोन अंतिम सामन्यात, ही गोष्ट इथं छापील ओळींतून आली. १९७० साली मेक्सिकोत त्यानं डोक्यानं मारलेला गोल आणि कार्लोस आल्बेर्तोला हलकेच सरकवून दिलेला तो पास, ब्राझील ४ इटली १, हेही वर्तमानपत्राच्या पानातून आणि कुणीतरी जपून ठेवलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंतून. ब्राझीलमधल्या लोकांनाही विश्वचषक घरबसल्या थेट दिसला तो १९७० लाच पहिल्यांदा. तेव्हा आपण कशाला वाईट वाटून घ्यायचं? कळंब्याच्या बांधावरच्या माणसानं पाहिलेला पेले बूट उतरवल्यानंतरचा आहे. कधी सिनेमातला, कधी टीव्हीवर बोलणारा, कधी जाहिरातीतून हसणारा, कधी पाहुणा म्हणून आलेला. त्याच्या जाण्यानं इथं जे हळहळले ते या दुसऱ्या पेलेला ओळखत होते, आणि त्या दुसऱ्या पेलेचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. मृत्युलेखांत गोल मोजले जातात. त्याचे समर्थक मैत्रीपूर्ण सामने धरून १२८३ सांगतात, विरोधक त्यातले पाचशे वजा करतात, आणि तेवढ्यात जागा संपते.

ही दुसरी गोष्ट सुरू होते ती तो अजून सांतोसकडून भरात खेळत असताना. १९६९ हे त्याचं हजाराव्या गोलाचं वर्ष. १९ नोव्हेंबरला माराकानावर वास्को द गामाविरुद्ध पेनल्टीवर तो गोल झाला आणि पत्रकारांच्या गराड्यात रडत रडत त्यानं देशातल्या गरीब मुलांची काळजी घ्या म्हणून सांगितलं. त्याच वर्षी ब्राझीलच्या टीव्ही एक्सेल्सिओर वाहिनीवर 'ओस एस्त्रान्योस' नावाची मालिका चालू होती. इवानी रिबेरो ही तिकडची नामांकित मालिकालेखिका, तिनं लिहिलेली. विषय परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांचा. त्यात पेलेनं प्लिनियो पोम्पेउ नावाच्या लेखकाचं काम केलं. जगातला सर्वांत प्रसिद्ध फुटबॉलपटू पडद्यावर लेखक होतो आणि परग्रहवासीयांशी बोलतो, ही कल्पनाच मला त्या हजाराव्या गोलापेक्षा जास्त आवडते.

पुढं १९७२ मध्ये 'आ मार्शा' आला. त्यात तो गुलामांच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्या शिकू बोंदादी नावाच्या कृष्णवर्णीय माणसाच्या भूमिकेत होता. या चित्रपटाचं वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती आणि डिसेंबर १९६८ च्या कुप्रसिद्ध पाचव्या वटहुकमानंतर तिनं नागरिकांचे उरलेसुरले हक्कही काढून घेतले होते. १९७० चा विश्वचषक जनरल मेदिसी यांच्या सरकारनं स्वतःच्या जाहिरातीसाठी पुरेपूर वापरला. पेले मेदिसींना भेटला, हसला, फोटोला उभा राहिला. पडद्यावर बेड्या तोडणारा हा माणूस प्रत्यक्षात राजवटीबद्दल एक शब्द बोलला नाही, हा आक्षेप त्याच्यावर शेवटपर्यंत राहिला. त्याच्याबरोबर १९७० च्या संघात असलेल्या पाउलो सेझार काजू यानं २०२१ च्या नेटफ्लिक्सवरच्या माहितीपटात तो कडवटपणे बोलून दाखवला. पेलेचं एक वाक्य देशात खूप काही करू शकलं असतं, असा त्याचा सूर. सरकारला उघड विरोध करणाऱ्या मुष्टियोद्धा मुहम्मद अलीशी तुलना त्यातूनच होते. मला ती थोडी अन्यायाची वाटते. अलीला तुरुंगाची भीती होती हे खरं, पण ब्राझीलमध्ये त्या काळी माणसं गायब होत होती. तरी आक्षेप खोडून निघत नाही, हेही तितकंच खरं.

२ ऑक्टोबर १९७४ ला सांतोसच्या मैदानात मध्यभागी गुडघे टेकून, हात पसरून त्यानं आपल्या क्लबाचा निरोप घेतला. पुढं धंद्यात पैसा बुडाला आणि न्यूयॉर्क कॉसमॉसनं न भूतो असा करार पुढं केला. १५ जून १९७५ ला तो अमेरिकेतला पहिला सामना खेळला. न्यूयॉर्कच्या रँडल्स आयलंडवरचं ते मैदान इतकं उघडंबोडकं होतं, की टीव्हीवर बरं दिसावं म्हणून मातीला हिरवा रंग फासला होता. सामन्यानंतर पायावर हिरवं पाहून पेलेला वाटलं, पायाला बुरशी लागली. फुटबॉलची ओळख नसलेल्या देशात फुटबॉल विकायचा तर मैदानालाही मेकअप करावा लागतो, हा धडा त्याला पहिल्याच दिवशी मिळाला. कॉसमॉसचा मालक होता वॉर्नर कम्युनिकेशन्स, म्हणजे सिनेमावाला. पेलेचं खेळाडूपण संपायच्या आधीच तो मनोरंजनाच्या धंद्यात पोचला होता.

भारताच्या वाट्याला तो आला तो या कॉसमॉसमुळं. जपान आणि चीन करून संघ कोलकात्यात उतरला आणि २४ सप्टेंबर १९७७ ला ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध सामना झाला. मोहन बागानचे धीरेन डे यांनी हे घडवून आणलं होतं. पावसानं मैदानाचा चिखल झाला होता आणि कॉसमॉसला आपल्या लाखमोलाच्या पायांची धास्ती होती. प्रशिक्षक पी. के. बॅनर्जींनी पेलेमागं गौतम सरकारना लावलं. कार्लोस आल्बेर्तोनं कॉसमॉसचा पहिला गोल केला. श्याम थापानं बरोबरी साधली, मोहम्मद हबीबनं मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. शेवटी कॉसमॉसच्या किनालियाच्या पेनल्टीनं सामना २-२ वर सुटला. पेलेनं गोल केला नाही. सामन्यानंतर त्यानं आपल्याला चौदा नंबरच्या जर्सीवरून ओळखलं आणि मला हलू न देणारा तो तूच ना, असं विचारलं, ही आठवण सरकार पुढं आयुष्यभर सांगत राहिले. त्यानंतर बरोबर आठवड्यानं, १ ऑक्टोबरला, न्यूजर्सीच्या जायंट्स स्टेडियमवर त्याचा निरोपाचा सामना झाला. पहिला अर्धा भाग तो कॉसमॉसकडून खेळला, दुसरा सांतोसकडून.

मोहन बागाननं त्या साली पुढं आयएफए शिल्ड, ड्युरँड आणि मुंबईतला रोव्हर्स चषक असं सगळं जिंकलं, आणि बंगालचे लोक त्याचं श्रेय त्या चिखलातल्या बरोबरीला देतात. कोल्हापूरपर्यंत ही सगळी हकिगत पोचली ती वर्तमानपत्रांतून. पण महाराष्ट्राच्या घराघरांत, जिथं फुटबॉल कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं तिथं, कोलकात्याचा पेले पोचवला तो एका हिंदी सिनेमानं आणि एका मराठी नटानं. हृषिकेश मुखर्जींचा 'गोलमाल' १९७९ चा. त्यात उत्पल दत्त यांचा भवानीशंकर नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारांना खेळाबद्दल विचारून चकवतो, कारण ऑफिसच्या वेळात सामने बघणाऱ्या पोरांचा त्याला तिटकारा. अमोल पालेकरांच्या रामप्रसादला तो पेलेबद्दल विचारतो आणि रामप्रसाद आधी भलताच कुणी प्राध्यापक समजल्याचं सोंग घेतो. मग आठवल्यासारखं करून म्हणतो, हां, ज्याला बघायला मध्यरात्री कोलकात्याच्या विमानतळावर हजारो वेडे गेले होते तोच ना. म्हातारा खूश, नोकरी पक्की. गंमत अशी की तिकिटं काढून तो प्रसंग बघणारे कोल्हापूरचे लोक त्याच वेड्यांच्या जातकुळीतले होते, आणि हसताना त्यांना ते माहीत होतं. पेले स्वतः त्या चित्रपटात एक क्षणही नाही. तरी त्याच्या नावावर इतका चांगला विनोदी प्रवेश उभा राहिला, याचा अर्थ १९७९ पर्यंत त्याचं नाव पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्याच वर्षी ब्राझीलमध्ये त्याचा 'ओस त्रोम्बादिन्यास' आला. खिसे कापणाऱ्या रस्त्यावरच्या पोरांची कथा, आणि त्या पोरांना वाममार्गाला लावणाऱ्या टोळीशी लढणारा पेले. कथेत त्याचा स्वतःचा हात होता. दिग्दर्शक आन्सेल्मो दुआर्ते म्हणजे १९६२ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेतलेला माणूस. एवढं असूनही चित्रपट आठवावा असा झाला नाही. हजाराव्या गोलानंतरची ती गरीब मुलांची विनवणी मात्र त्यात ऐकू येते. त्याच्या चित्रपटांतला हाच एक त्यानं मनातून केला असावा, असं मला वाटतं.

आणि मग आला 'एस्केप टू व्हिक्टरी'. १९८१. कळंब्याच्या बांधावर पेले पाहिल्याचं जो सांगतो त्यानं बहुतेक हाच पाहिलेला असतो. कुणी व्हिडिओ कॅसेट आणून, कुणी पुढं केबलवर. गोष्ट युद्धकैद्यांची. जर्मन अधिकारी (माक्स फॉन सिडो) दोस्त राष्ट्रांच्या कैद्यांचा संघ आणि जर्मनीचा संघ यांचा सामना ठरवतो. मायकेल केन कैद्यांचा कप्तान, सिल्व्हेस्टर स्टॅलोन गोलरक्षक. मध्यंतराला कपडे बदलायच्या खोलीखालच्या भुयारातून पळायचं ठरलेलं असतं, पण ४-१ नं मागं असताना खेळाडू पळायला नकार देऊन मैदानात परततात. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, चित्रीकरण हंगेरीत बुडापेस्टला. मूळ कल्पना झोल्तान फाब्री यांच्या १९६१ च्या एका हंगेरियन चित्रपटाची, आणि त्याच्याही मागं १९४२ साली जर्मनांच्या ताब्यातल्या कीव्हमध्ये झालेल्या एका सामन्याची दंतकथा.

पेले यात त्रिनिदादचा कॉर्पोरल लुईस फर्नांडिस आहे. युद्धात ब्राझीलचा कैदी दाखवणं अवघड, म्हणून बिचाऱ्याला नागरिकत्व बदलावं लागलं. त्याच्यासोबत बॉबी मूर, अर्जेंटिनाचा ओसी आर्दिलेस, पोलंडचा काझिमिएर्झ देयना, बेल्जियमचा व्हान हिम्स्ट असे अस्सल खेळाडू आहेत, आणि उरलेली जागा भरायला इंग्लंडच्या इप्सविच टाउन क्लबाची पोरं. मैदानावरच्या चाली पेलेनं आखल्या आणि श्रेयनामावलीत तसं नावही आहे. त्याचा फटका अडवताना बोट मोडलं, असं स्टॅलोन पुढं सांगत राहिला. आणि तो शेवटचा गोल! बरगड्यांना मार बसलेला फर्नांडिस बाहेरून परत येतो, उलटा उडून बायसिकल किक मारतो, आणि तोपर्यंत दगडासारखा बसलेला जर्मन अधिकारी उठून टाळ्या वाजवतो.

कळंब्यात हा चित्रपट बघताना जेलच्या भिंतीवरून चेष्टा होणार हे ओघानंच आलं. इथं एखादा संघ काढला तर मध्यंतराला कोण कुठून पळेल याचे आराखडे बांधावर तयार असतात. पण गंमत बाजूला ठेवली तरी अभिनयाच्या बाबतीत कोल्हापूरचा माणूस सहज माफ करत नाही. १९२९ ला प्रभात कंपनी ज्या गावात सुरू झाली, जिथं भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत तलवारी खणखणल्या, जिथं आखाड्यातला गडी पडद्यावर जाऊन कुठं अडखळतो हे प्रेक्षकाला चेहऱ्यावरून कळतं, तिथं पेले काही मोठा नट ठरला नाही. संवाद म्हणताना तो अवघडतो. फळ्यावर खडूनं आपली चाल काढून दाखवण्याचा प्रसंग आहे, ज्यात तो सगळ्यांना चुकवत चेंडू घेऊन जाणार असतो. तो प्रसंग तेवढा जमलाय, कारण तिथं त्याला दुसरं कुणी व्हायचं नव्हतं. जगातला सगळ्यांत ओळखीचा चेहरा दुसऱ्या माणसाच्या नावानं कसा खपावा? तो स्वतःबद्दल बोलतानाही 'पेले' असं तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलायचा. एडसन हे आपलं खरं नाव, एडिसनवरून ठेवलेलं, आणि पेले ही वेगळी असामी, असं त्याचं म्हणणं. एडसननं आयुष्यभर केलेली एकमेव यशस्वी भूमिका म्हणजे पेले. बाकी सगळ्या पाहुण्या भूमिका.

त्यातली एक तर फारच मजेची आहे. १९८६ च्या 'ओस त्रापाल्योंइस ई ओ रेइ दो फुटेबोल' या विनोदी चित्रपटात तो नासिमेंतो नावाचा क्रीडावार्ताहर झाला होता. म्हणजे ज्याच्या तोंडासमोर जन्मभर मायक्रोफोन धरले गेले त्यानं तो दुसऱ्याच्या तोंडासमोर धरला. पडद्यावरची ती रंगीत तालीमच म्हणायची, कारण प्रसारणातला पेले जगाला खरा दिसला तो १९९४ मध्ये.

त्याच्याआधी भांडण झालं होतं. ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेतल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यानं उघड मुलाखत दिली. संघटनेचा अध्यक्ष रिकार्दो तेशेरा हा फिफाचे अध्यक्ष जुआंव हॅवेलांज यांचा जावई. हॅवेलांजनी डिसेंबर १९९३ मध्ये लास वेगासला झालेल्या विश्वचषकाच्या सोडतीच्या समारंभातून पेलेलाच वगळलं. अमेरिकेत फुटबॉल ज्याच्या नावानं रुजला त्याला अमेरिकेतल्याच स्पर्धेच्या सोडतीला बोलावलं नाही! राजवटीसमोर गप्प राहिलेला माणूस इथं बोलला, आणि त्याची किंमतही त्यानं मोजली, याची नोंद त्याच्या टीकाकारांनी ठेवायला हवी. पुढं १९९५ ते १९९८ तो देशाचा क्रीडामंत्री होता आणि खेळाडूंना क्लबांच्या वेठबिगारीतून सोडवणारा कायदा ब्राझीलमध्ये त्याच्याच नावानं ओळखला जातो.

सोडतीच्या समारंभाला नसलेला पेले स्पर्धेला मात्र हजर होता, ग्लोबो वाहिनीच्या समालोचन कक्षात. ब्राझीलनं चोवीस वर्षांत विश्वचषक जिंकला नव्हता. १७ जुलैला पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये इटलीविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. आपल्याकडे मध्यरात्री एकला सुरू झालेला तो सामना शूटआउटपर्यंत गेला तेव्हा पहाट जवळ आली होती, आणि कोल्हापुरातले ब्राझीलवाले डोळे ताणून बसले होते. इटलीच्या बाज्जिओनं चेंडू गोलच्या वरून मारला. त्या क्षणी ग्लोबोच्या कक्षात काय झालं ते पुढं जगानं हजारदा पाहिलं. मुख्य समालोचक गाल्वांव बुएनो चौथ्यांदा, चौथ्यांदा म्हणून घसा फाडून ओरडतोय, आणि पेले त्याच्या गळ्यात पडून उड्या मारतोय. विश्लेषण वगैरे सगळं केव्हाच सुटलेलं. तीन विश्वचषक जिंकलेला खेळाडू तिथं शाहू स्टेडियमच्या गॅलरीतला समर्थक झाला होता. कळंब्याच्या ब्राझीलवाल्याला पेले आपला वाटतो तो कुठल्याही गोलापेक्षा या चित्रफितीमुळं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

समालोचक म्हणून तो चांगला होता का? छे. त्याची भाकितं हा तर जागतिक विनोदाचा विषय होता. १९९४ ला त्यानं कोलंबियाला पसंती दिली. आदल्या सप्टेंबरात त्यांनी ब्वेनोस आयरेसमध्ये अर्जेंटिनाला ५-० नं लोळवलं होतं, त्यामुळं तर्क अगदी बिनबुडाचा नव्हता. कोलंबिया पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि स्वयंगोल केलेल्या आंद्रेस एस्कोबारचा २ जुलैला मेदेयीनमध्ये खून झाला. विनोद तिथं थांबतो. शतक संपायच्या आत एखादा आफ्रिकी संघ विश्वचषक जिंकेल असंही त्याचं भाकीत होतं, ते अजून पूर्ण व्हायचं आहे. २००२ च्या आसपास ब्राझीलचा प्रशिक्षक स्कोलारी वैतागून म्हणाला होता की विजेतेपद हवं असेल तर पेले काय म्हणतो ते ऐका आणि बरोबर उलटं करा. त्याच वर्षी स्कोलारीनं कप आणला. ब्राझीलच्याच रोमारिओनं तर पेले गप्प असतो तेव्हा कवी असतो, असं म्हणून घेतलं. कोल्हापुरातही त्यानं अमुक संघ जिंकणार म्हटल्यावर त्या संघाचे समर्थक कपाळाला हात लावायचे. तरी दर चार वर्षांनी त्याला विचारलं जायचं, आणि तोही मनापासून, हसून, चुकीचं उत्तर द्यायचा.

२०१५ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा भारतात आला. कोलकात्यात १९७७ चे प्रतिस्पर्धी त्याला भेटले, सौरव गांगुली आणि ए. आर. रहमान एका व्यासपीठावर होते, सॉल्ट लेकवर त्यानं आयएसएलचा सामना पाहिला आणि दिल्लीला शाळकरी मुलांच्या सुब्रतो चषकाच्या अंतिम सामन्याला तो हजर राहिला. चालायला तेव्हा त्रास होत होता. रहमान तिथं असण्याचं कारण वेगळं होतं. पेलेच्या बालपणावरच्या 'पेले: बर्थ ऑफ अ लेजंड' या चित्रपटाला त्यानं संगीत दिलं होतं. २०१६ ला आलेल्या त्या चित्रपटात म्हातारा पेले हॉटेलच्या लॉबीत बसलेला क्षणभर दिसतो. आपल्याच गोष्टीत पाहुणा. दुसऱ्या वर्षी भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला आणि त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. पेलेनं १९५८ चा विश्वचषक जिंकला तेव्हा त्याचंही वय सतराच होतं, आणि शहरानं हा हिशेब मांडला नसता तरच नवल.

चाहते आठवताना निवडून आठवतात. न्यायालयानं १९९६ मध्ये मुलगी ठरवलेल्या सांद्रा रेजिना हिला त्यानं मनानं कधी स्वीकारलं नाही. २००६ मध्ये ती कर्करोगानं गेली तेव्हाही तो अंत्यसंस्काराला गेला नाही. ही गोष्ट कुणाच्या स्टेटसवर नव्हती. आणि दुसऱ्या टोकाला, जे कुणी पाहिलं नाही तेही आठवलं जातं. १९५९ मध्ये साओ पावलोच्या रुआ जावारी मैदानावर, जुव्हेंतुस क्लबाविरुद्ध त्यानं चार जणांच्या डोक्यावरून चेंडू उडवत, तो जमिनीला टेकू न देता गोल केला. आपला सर्वांत सुंदर गोल तोच, असं तो म्हणायचा. त्याची चित्रफीत नाही. २००४ च्या 'पेले एतेर्नो' या माहितीपटासाठी साक्षीदारांच्या आठवणी जुळवून तो संगणकावर नव्यानं घडवावा लागला. म्हणजे प्रत्यक्ष साओ पावलोच्या माणसालाही तो गोल आपल्यासारखाच ऐकीव. न पाहता छाती पुढं काढण्याचा हक्क फक्त कळंब्यानं राखून ठेवलेला नाही.

२ आणि ३ जानेवारी २०२३ ला सांतोसच्या विला बेल्मिरो मैदानावर त्याचं शव लोकांना पाहायला ठेवलं होतं. अंत्ययात्रा त्याच्या शंभर वर्षांच्या आईच्या घरावरून गेली. त्याच दिवसांत बांधावरचा वाद मात्र आपल्या जुन्या जागी आला होता. पेले मोठा की मॅराडोना? मॅराडोना २५ नोव्हेंबर २०२० ला गेला होता, त्यामुळं आता दोघेही उत्तर द्यायला नव्हते. २००० साली फिफानं शतकातला सर्वोत्तम खेळाडू निवडताना इंटरनेटवरच्या मतदानात मॅराडोना जिंकला आणि तज्ज्ञांच्या समितीनं पेलेला निवडलं, तेव्हा मॅराडोना आपलं बक्षीस घेऊन पेलेचा सत्कार व्हायच्या आत निघून गेला होता. हे ब्राझीलवाले सांगतात. अर्जेंटिनावाले त्यावर १५ ऑगस्ट २००५ ची रात्र काढतात. ब्वेनोस आयरेसच्या टीव्हीवर मॅराडोनानं 'ला नोचे देल दिएस' हा स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या भागाचा पहिला पाहुणा होता पेले. दोघे गळाभेट घेऊन बोलले, पेले गिटार घेऊन गायला, आणि मग त्या दोघांनी कोट-टायमध्ये, स्टुडिओच्या दिव्यांखाली, एकमेकांकडे डोक्यानं चेंडू टोलवला. शेवटी आमच्या दारात यावंच लागलं की नाही, असं अर्जेंटिनावाला विचारतो. त्यावर ब्राझीलवाला म्हणतो, पहिल्याच भागाला माणसं बसवायची म्हटल्यावर तुमच्या देवानं बोलावलं कुणाला ते सांग आधी.